कुणाकडून आला ते लिहिलेलं नाही

लॅबमध्ये काम करणाऱ्यांकडे किस्से साचत जातात, पण सांगायची चोरी असते. जेवताना तर कुणी तोंडच उघडू देत नाही. आमची लॅब नाशिक रोडला. डॉक्टरबाई, टेक्निशियन मी आणि काउंटरवर वैशाली, एवढाच कारभार. लोकांना वाटतं, आम्ही रक्त-लघवी तपासतो. निम्म्या वेळा आमच्याकडे संशय तपासायला येतो, आणि त्यात सगळ्यात कटकटीचा म्हणजे हर्पिसचा.

मोबाइल नव्हते त्या काळात गर्भ राहत नसला किंवा राहून पडला, की डॉक्टर बायकांना 'टॉर्च' नावाची तपासणी लिहून द्यायचे. त्यात इतर आजारांबरोबर हर्पिसही असायचा. त्रास काही नाही, आणि रिपोर्टवर पॉझिटिव्ह! हर्पिस म्हणजे 'तसला' आजार, एवढं मात्र लोकांना कुठून तरी माहीत असायचं.

मग डॉक्टरबाई समजावायच्या. ताप येऊन गेला की ओठावर फोड येतात, तोही हर्पिसच. लहानपणी कुणी पापा घेतला तरी लागतो, आणि रक्तात खूण जन्मभर राहते. कधी लागला, कुणाकडून लागला, ते रक्त सांगत नाही. आमचं तपासणीचं किट तर ओठावरचा कुठला आणि खालचा कुठला, हेही सांगत नाही.

* * *

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार बायकोचा रिपोर्ट घेऊन आले. बायको शेजारी मान खाली घालून बसलेली. रिपोर्ट उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "मॅडम, कुणाकडून आला ते यात लिहिलं नाय का?"

बाईंनी सगळं समजावलं आणि म्हणाल्या, तुम्हीही तपासून घ्या.

"मला कशाला? मला तर काहीच त्रास नाय."

"तिला तरी कुठे आहे?"

गडी अडकला. बाही वर करावी लागली. चार दिवसांनी दोघं परत आले, तर त्यांचाही पॉझिटिव्ह. गृहस्थ रिपोर्टची घडी घालायला लागले. बायकोने पहिल्यांदा मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "तुम्हाला कुणाकडून आला वो?"

* * *

जेल रोडच्या दोन सख्ख्या जावा एकदमच तपासणीला आल्या होत्या. थोरलीचा पॉझिटिव्ह, धाकटीचा निगेटिव्ह. थोरली भडकली. तिचं निगेटिव्ह येतं आणि माझंच नाही, असं कसं? माझं परत घ्या.

परत घेतलं. परत पॉझिटिव्ह. बाईंनी सांगितलं की यात घाबरण्यासारखं काही नाही, कित्येकांचा असाच येतो.

"मग तिचंही परत घ्या," थोरली म्हणाली.

* * *

आमच्याकडे एक रीत होती. नवीन कंपनीचं किट आलं की प्लेटमधल्या रिकाम्या खळग्यांत आम्ही आपलंच रक्त घालून बघायचो. एकदा असंच घातलं. वैशालीचं स्वच्छ निगेटिव्ह. माझं ना धड हो, ना धड नाही! काठावर.

"मॅडम, तुमचं मध्येच लटकलंय," वैशाली हसत म्हणाली. मला त्या लग्न न झालेल्या पोरीचा इतका हेवा वाटला की दिवसभर मी तिच्याशी नीट बोलले नाही.

कारण माझा नवरा औषध कंपनीचा एमआर. मनमाड, मालेगाव, सटाणा अशी त्याची फिरती, मुक्काम लॉजवर. डॉक्टरबाईंनी मला तेच सांगितलं, जे त्या रोज पेशंटना सांगत होत्या. डोक्याला पटलं. पण रिक्षात बसलं की डोळ्यांसमोर सटाण्याचं लॉज!

सटाण्याच्या एका दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट त्याला दर फेरीला डाळिंबं द्यायची. इतकी वर्षं मी ती आवडीने खाल्ली होती. त्या खेपेला सगळी कामवालीला देऊन टाकली आणि नवऱ्याला विचारलं, "वय काय असेल?"

"कुणाचं?"

"डाळिंबांचं."

त्याला काही कळेना. मला मात्र झोप लागेना. हा माणूस मला अख्खा हवा होता, त्यातली एक फोडही मी कुणाला देणार नव्हते. शेवटी सगळं बोलले. तो चिडला, मग म्हणाला, घे माझं रक्त.

* * *

त्याच किटवर लावलेला त्याचा रिपोर्ट आला. स्वच्छ निगेटिव्ह. मी येताना पेढे घेऊन आले. त्याने पेढा खाल्ला, रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, "मग तुझ्याकडे कुठून आला?"

घ्या! इतक्या वर्षांत या माणसाने माझ्यावर कधी संशय घेतला नव्हता. खरं सांगते, पहिले एक-दोन दिवस मला बरंच वाटलं. आपल्यासाठीही कुणी जळतं म्हणून.

मग तो फिरतीवरून एसटीडी बूथ गाठून भरदुपारी लॅबमध्ये फोन करायला लागला. मी जागेवर आहे का, किट पोचवणारा माणूस किती वेळ बसतो, सगळं वैशालीला विचारायचा. घरात बोलणं भाजी-मिठापुरतं उरलं. माझा संसार एका काठावरच्या आकड्यावर लटकला होता, आणि तो आकडा मीच काढलेला.

* * *

काही आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी दुसऱ्या कंपनीच्या किटवर माझं रक्त पुन्हा लावलं. निगेटिव्ह. म्हणाल्या, काठावरचे आकडे पुष्कळदा खोटे निघतात, पहिल्या किटने तुला उगाच छळलं.

रिपोर्ट घेऊन घरी आले. नवऱ्याने वाचला आणि त्याचा चेहरा असा सैल झाला की मला रडूच आलं. म्हणाला, चुकलो मी, सोडून दे आता. त्याने स्वतः चहा केला. दोघं समोरासमोर बसून प्यायलो. कित्येक दिवसांनी घरात रेडिओ लागला.

अर्धा कप झाला असेल. मी म्हणाले, "अहो, पण पहिलं किट माझ्या बाबतीत चुकलं, तर तुमचं निगेटिव्ह तरी खरं कशावरून?"

त्याने कप खाली ठेवला. रेडिओ बंद केला. शर्टाचं बटण काढून बाही कोपराच्या वर दुमडली आणि हात टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

"घे," तो म्हणाला. "फक्त कितव्यांदा निगेटिव्ह आल्यावर तुझं समाधान होईल, ते आधी सांग."

मी त्याच्या कोपराच्या खोबणीत बोट फिरवलं. शीर लगेच सापडली.