‘हे मला वाचता आलं नाही’

ती पोरगी आज समोर आली तर ओळखेन की नाही कोण जाणे, पण तिच्या बापाचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तोरणमाळकडचा माणूस, घरी पावरी बोलणारा, मराठी तुटक. मजुरीला नेलेली पोर टोळीबरोबर परतली नाही, एवढंच तो सांगत होता. नेणाऱ्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. मुलगी अल्पवयीन, म्हणून अपहरणाचा गुन्हा दाखल करून तपास मी स्वतःकडे घेतला.

पोर नेणाऱ्याची टीप अक्कलकुव्याच्या स्टँडवरून आली. आमचा खबरी म्हणाला, "साहेब, त्याले समदा डाबोडी म्हणतस. खरं नाव कोनले माहीत नही." डाबोडी म्हणजे डावखुरा, सीमेपलीकडचा गुजराती शब्द.

असा माणूस पूर्वी कुठल्यातरी ठाण्यात येऊन गेलेला असणारच. जिल्ह्यातले जुने जबाब संगणकात होते, पण ढीगच तो. नेमकं तेव्हाच फायली शोधायचं सॉफ्टवेअर घ्यायचं घाटत होतं आणि निवड माझ्याकडे होती. दोन कंपन्यांची माणसं आली. पहिल्याची स्क्रीन काय रंगीत! वरिष्ठ तर खूश झाले.

मी मात्र नव्या खबऱ्याला लावतो तीच कसोटी लावली. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, ते आधी विचारायचं. मीच तपासलेल्या जुन्या गुन्ह्यातला एक शब्द दोघांना शोधायला दिला. रंगीत सॉफ्टवेअरनं छातीठोकपणे सांगितलं, असा शब्द कुठेच नाही. अरे, तो जबाब मीच नोंदवला होता! दुसऱ्यालाही सापडला नाही, पण त्यानं पुष्कळ फायली बाजूला काढून दाखवल्या, की या मला वाचता आल्या नाहीत. भानगड तिथेच होती. आमच्या रायटरांनी, म्हणजे जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदारांनी, त्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. आपल्याला मराठी दिसायचं, यंत्राला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

वरिष्ठांना म्हटलं, "साहेब, माहीत नसलेलं माहीत नाही म्हणणारा खबरी मला चालतो." ते हसले आणि त्यांनी दुसऱ्याच्या खरेदीवर सही केली.

फायली युनिकोडमध्ये आणल्या, ‘डाबोडी’ टाकलं. काहीच नाही. मग ट्यूब पेटली. लोक सांगतात अहिराणीत, भिलीत, मध्येच गुजराती शब्द मिसळून. आमचे रायटर लिहितात सरकारी मराठीत. ‘डावखुरा इसम’ शोधलं आणि एका जुन्या मारामारीचा जबाब समोर उभा राहिला. त्यात त्याचं नाव होतं, गाव होतं आणि तो मजूर पुरवायचा ती वीटभट्टीही.

त्याला उचलून आणलं. आपण तो नव्हेच, असाच त्याचा सूर. सहीला मुद्दाम उजवा हात पुढे केला. मी वाद घातला नाही, चहा मागवला. बोलता बोलता कप पुढे केला, तर त्याचा डावा हात आला. मी त्या हाताकडे बघतोय हे कळताच गडी ढेपाळला. पोर त्याच भट्टीवर होती. आमच्या जीपमधून ती उतरली, तेव्हा बाप नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. वर्दीचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

यंत्र कितीही चांगलं निवडा, आपण लिहून ठेवलं तेवढंच ते शोधणार, हे मी तेव्हा शिकलो. पोरीचा जबाब घेताना महिला अंमलदारानं सवयीनं ‘डावखुरा इसम’ टाइप केलं. मी थांबवलं.

"ती काय म्हणाली?"

"डाबोडी, साहेब."

"मग तेच लिहा."