कुरकुर न करणारं गिऱ्हाईक

गावभर त्याला ‘व्हायरसवाला’ म्हणत. बिचारा आयुष्यभर व्हायरस काढत आला, पण नाव मात्र व्हायरसचंच चिकटलं. दवाखाने, वकील, दुकानं, मालवाहतुकीची ऑफिसं, अशा सगळ्यांचे कॉम्प्युटर तो सांभाळायचा. बायको फोन घ्यायची, तो धावायचा. अँटिव्हायरस एका कंपनीचा, बॅकअप दुसरीचा, मेल तपासणारं तिसरंच काहीतरी. रोज चार ठिकाणी डोकावून त्याच्या डोळ्यांची पार वाट लागली होती.

म्हणून, सगळं एकाच पडद्यावर दाखवणारं नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. कंपनीने काही दिवस फुकट वापरून बघायला दिलं होतं. प्रश्न एवढाच, की बघायचं कोणाच्या कॉम्प्युटरवर?

“डॉक्टरीणबाईंकडे?” बायकोने विचारलं.

“नको गं. मशीन जरा हळू झालं की त्या घर डोक्यावर घेतात.”

“मालवाहतूकवाले?”

“तो मॅनेजर तर मला उभा चिरेल. काकांकडे लावतो. ते कुरकुर करत नाहीत.”

काका म्हणजे फोटो स्टुडिओवाले. याच्या धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक तेच. गावातले किती चेहरे त्यांनी टिपले असतील, गणती नाही. काही वर्षांपूर्वी यानेच त्यांच्यामागे लकडा लावून सगळ्या निगेटिव्ह स्कॅन करून घेतल्या होत्या. “सगळं कॉम्प्युटरात आहे ना काका, हे डबे कशाला अडवून ठेवताय?” काकांनी ऐकलं आणि डबे टाकून दिले. याचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही, हेच पुढे याला जास्त लागलं.

त्याने काकांकडचा जुना अँटिव्हायरस काढला, कारण दोन अँटिव्हायरस एका मशीनवर सुखाने नांदत नाहीत. नवीन बसवला आणि या धंद्यातल्या रीतीप्रमाणे ‘फक्त नजर ठेवा’ वर ठेवला. म्हणजे चोर दिसला तर ओरडायचं, पण हात धरायचा नाही. नाहीतर नवखं सॉफ्टवेअर घरच्याच माणसाला चोर समजून काम अडवतं. बॅकअपला फुकटात जागा थोडीच मिळाली होती. मग त्याने काकांच्या कपाटातली, त्यांच्या फोटोंचा एकुलता बॅकअप असलेली जुनी डिस्क काढली, पुसली आणि नवीन बॅकअपसाठी त्याच कॉम्प्युटरला जोडून ठेवली. चार दिवसांचाच तर प्रश्न होता.

त्या दुपारी मालवाहतूकवाल्यांचा प्रिंटर रुसला. मॅनेजर तोंडाचा पट्टा सोडून उभा. याच्या खिशातला फोन सारखा वाजायला लागला तसा मॅनेजर आणखी भडकला, “आधी माझं बघा हो!” याने मुकाट्याने फोनचा आवाज बंद केला. प्रिंटर सुरू झाला, मॅनेजर थंड झाला, चहासुद्धा आला. चहा पिताना याने फोन पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पडदा लाल सूचनांनी भरला होता, आणि प्रत्येक सूचनेत काकांचा स्टुडिओ.

अल्बमची ऑर्डर म्हणून आलेली मेल काकांनी उघडली होती. तो पोचेपर्यंत सगळे फोटो कुलूपबंद झाले होते. जोडलेली डिस्कही गेली होती. पडद्यावर खंडणी मागणारा मजकूर होता, आणि काका चष्मा पुसून तो पुन्हा पुन्हा वाचत होते.

खंडणी देण्यात अर्थ नव्हता. परत काही मिळेल याची खात्री कोणीच देईना. त्याने ओळखीतल्या सगळ्या जाणकारांचे उंबरठे झिजवले. सगळ्यांनी हात टेकले. सॉफ्टवेअरची तर काहीच चूक नव्हती. त्याने पहिल्या मिनिटालाच चोर ओळखला होता, ते न थकता ओरडलं होतं. कंपनीचा माणूस उत्साहाने म्हणाला, “बघा, किती अचूक पकडलं!” याला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि लगेच कळलं, की तिथे कान आपलाच हवा.

तो स्टुडिओत गेला तेव्हा काका पासपोर्टचे फोटो कापत होते. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. तो बसला नाही. त्याने सगळं सांगितलं: डिस्क पुसली ते, ‘फक्त नजर’ ते, फोनचा आवाज बंद केला तेही. काका ऐकत राहिले. कात्री चालूच होती.

“मग, चांगलं आहे का ते?” त्यांनी विचारलं.

“चांगलं आहे, काका.”

“तर बाकीच्यांकडे लाव लवकर. त्यांचं तरी राहू दे.”

“काका, असं नका बोलू. चार शिव्या तरी घाला मला. ओरडा ना!”

काकांनी कात्री खाली ठेवली. आवाज चढला नाही, उलट जरा खालीच आला.

“अरे, मी ओरडणारा असतो,” ते म्हणाले, “तर तू हे माझ्याकडे लावलं असतंस का?”

बाहेर फोटो काढायला कोणीतरी आलं होतं, म्हणून काका उठून दिवे लावायला गेले.