वीस मिनिटांचा इशारा

चहा देणाऱ्या माणसासमोर साहेब लोक काहीही बोलतात. म्हणून असले किस्से माझ्याकडे साचतात. भंडाऱ्याला हवामानवाल्यांचं ट्रेनिंग झालं. पुढच्या दोन-तीन तासांत वीज-वादळ कुठे येणार ते ओळखायचं आणि लोकांना वेळेत सांगायचं. पाच दिवस हॉल मी सांभाळला. सातवी शिकलोय, पण कान शाबूत आहेत.

*

पहिल्याच दिवशी सर रडारचं चित्र समजावत होते. बाहेर गडगडलं. मी पडदा सारला. आभाळ काळंठिक्कर! सर ओरडले, "काका, पडदा लावा! स्क्रीन दिसत नाही!"

*

सरावाला एकानं इशारा लिहिला. 'सदर क्षेत्रात तीव्र संवहनी क्रिया संभाव्य.' सरांनी मला विचारलं, "काका, समजलं?"

"नाही जी."

"म्हणजे वीज पडणार."

"मंग तसंच लिवा ना!"

"फॉरमॅटमध्ये बसत नाही."

*

आंबागडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला बोलावलं होतं. एकानं फॉर्म काढून विचारलं, "मागच्या वेळी इशारा मिळाला होता?"

"भेटला ना. बैल मेल्यावर भेटला."

पठ्ठ्यानं 'मिळाला'वर टिक केली!

म्हाताऱ्याला मी बाहेर नेऊन चहा पाजला.

*

शेवटच्या दिवशी सराव नव्हता, खरंखुरं काम होतं. स्क्रीनवर बसलेली शिकाऊ मॅडम दचकून म्हणाली, "दिघोरीवर वीस मिनिटांत विजा!"

दिघोरीत माझी सून अकरा बायांसोबत भाताचा रोवणा, म्हणजे लावणी करत होती. उघड्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात.

इशाऱ्याला सरांची मंजुरी लागते. सर जेवत होते. मॅडम धावत गेली आणि रडकुंडीला येऊन परतली. "जेवण आटोपून बघतो म्हणाले."

मी फोन लावला.

"बाबा, आता एकच बांधी राह्यली जी," सून म्हणाली.

"हातातले परहे फेक अन् साऱ्या बायाईले घेऊन शाळेत पळ! काहून म्हणून विचारू नको!"

पळाल्या. वीज त्याच बांधीत पडली. सरकारी इशारा आला तेव्हा बाया शाळेत पदर पिळत होत्या.

दुपारी सरांनी मला उभं केलं. "इशारा द्यायचा अधिकार आमचा आहे. तुम्ही कोणत्या अधिकारात दिला?" कागद पुढे सरकवला. "लेखी द्या!"

दिलं. एकच शब्द, मोठ्या अक्षरात.

'सासऱ्याच्या.'