देवाच्या चार ओळी

आमच्या मळ्यात वांग्याच्या चार ओळी देवाच्या होत्या. रिसोडपासून दोन-तीन किलोमीटरवर, रस्त्याच्या अंगाला आमची वस्ती. पंधरा-वीस घरं, सगळी भाजीपाला पिकवणारी. विहिरीच्या कडेनं त्या चार ओळी लावायच्या आणि त्यांच्यावर कधी औषध मारायचं नाही, असा बाबांचा नेम होता.

मी आठवीत असताना बाबा फवारा मारता मारता बांधावर कोसळले होते. वारा उलटा होता आणि तोंडाला फडकंसुद्धा नव्हतं. आठ दिवस दवाखान्यात काढून घरी आले, ते घरात न शिरता आधी मारोतीच्या देवळात गेले. तिथे दर माघात वस्तीचा भंडारा होतो, गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. बाबा देवापुढे उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "भंडाऱ्याची भाजी माह्या मळ्यातून येईन, अन् थिच्यावर इखाचा एक थेंब नाई पडनार." मी त्यांच्या मागंच उभी होते.

मग वीसेक वर्षं तसंच चाललं. त्या ओळींतली निम्मी वांगी किडकी निघायची. आई कुरकुरायची. बाबा म्हणायचे, "अळी वांगं खाते, मानसाले नाई खात." राख टाकायचे, कडुलिंबाचा पाला उकळून शिंपडायचे, शेंडे हातानं खुडायचे. आई गेली. मग बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी दादाला जवळ बसवून सांगितलं, "बाकीचा मळा तुहा. थ्या चार ओळी देवाच्या." दादानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

माझा नवरा अपघातात गेल्यावर मी माहेरी परत आले होते. पोरबाळ नव्हतं. हातमशीनवर वस्तीतल्या बायकांची ब्लाउजं शिवायची आणि सकाळी मळ्यात राबायचं. दादानं मला कधी परकं केलं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. पुढचं वाचून तो वाईट माणूस होता असं कुणाला वाटेल. तो तसा नव्हता.

बाबा गेल्यावर तिसऱ्या वर्षी वाशीमचा एक भाजीवाला आमच्याकडे आला. त्याला बिनाफवाऱ्याची वांगी हवी होती. शहरातली काही गिऱ्हाइकं तशीच मागतात, म्हणाला, आणि भाव दीडपट. त्यानं विहिरीकडच्या ओळी पाहिल्या. त्या वर्षी थंडी चांगली पडली होती, कीड कमी होती, वांगी जांभळी, चकचकीत.

तो गेल्यावर मी म्हटलं, "दादा, थे त देवाचे आहेत."

"देवाले भाजी द्याची, थे देऊच ना," दादा म्हणाला. "बाबानं भाजी कबूल केली होती. मोठ्या वावरातली देऊ. वांगं थे वांगंच."

"पन तिकडे फवारा…"

"भंडाऱ्याले अजून टाइम आहे." मग म्हणाला, "तुहे डोळे दुखते ना थ्या हातमशीनवर? यंदा तुले मोटरवाली घेऊ."

मी शेंडे खुडायला निघून गेले. मोटरवाली मशीन मला हवी होती. दुकानात मी ती दोनदा पाहून आले होते, तिच्या चाकावरून हात फिरवून आले होते.

पुढच्या महिनाभरात देवाच्या ओळींतली वांगी कॅरेटमध्ये भरून वाशीमला गेली. मोठ्या वावरात मात्र अळीनं शेंडे पोखरायला सुरुवात केली. भंडाऱ्याच्या आठ दिवस आधी दादानं फवारा मारला. अळी हटली नाही. मग दोन दिवस आधी त्यानं पुन्हा मारला, दुसरं औषध, तेही पंपाला नेहमीपेक्षा जास्त घालून. वहिनी तेव्हा माहेरी होती. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. म्हणजे असं आम्हाला वाटत होतं.

भंडाऱ्याच्या दिवशी सकाळी मी, दादा आणि मावशी तोडणीला लागलो. मावशी म्हणजे ओढ्यापलीकडच्या वस्तीतली बाई. दरवर्षी दिवाळीनंतर ती आणि तिची मुलगी ऊसतोडीला जायच्या, परत आल्या की आमच्या मळ्यात यायच्या. त्या वर्षी तिचे गुडघे गेले म्हणून ती मागंच राहिली होती. पहिलंच झाड हाताशी धरून ती थबकली.

"काऊन गा बाबू, इथं त तू परवा औषध मारलं ना? वास येऊन राह्यला."

"थे तिकडच्या कोपऱ्यात मारलं, मावशी. इकडे आठ दिवस झाले. तोडा तुमी."

इकडे आठ दिवसांपूर्वी फवारा झाला होता, हे खरंच होतं. परवाचाही इकडेच झाला होता, हेही. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा माझ्यावर जास्त भरवसा होता. मी मान हलवली, हो म्हणून. ती तोडायला लागली.

वांगी आम्ही हौदात दोन पाण्यांनी धुतली. मी मनाशी म्हणाले, धुतली की झालं. दुपारी पंगती बसल्या. मला कुणीतरी पत्रावळ दिली तेव्हा मी म्हटलं, "आज माहा उपास आहे." शनिवार होता. शनिवारचा उपास मी कधी करायचे, कधी नाही. दादा वाढायला फिरत होता, तो जेवायला बसलाच नाही. मावशी दुसऱ्या पंगतीला बसली. तिनं भाजी दोनदा मागून घेतली आणि मला म्हणाली, "बाबाच्या हातची चव आहे वं अजून थ्या मळ्याले."

तासाभरात पहिल्या पंगतीतल्या दोन बायकांना उलट्या सुरू झाल्या. मग एकामागून एक. कुणी पोट धरून बसलं, कुणाला घाम सुटला. लोक म्हणाले, रोडग्यांचं पीठ खराब असेल, वरण आंबलं असेल. जीप बोलावल्या. मावशीला मी मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या तोंडातून सारखी लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी. बाबा बांधावर पडले होते तेव्हा मी हेच पाहिलं होतं. मला कळलं होतं. पहिल्या जीपमध्येच कळलं होतं.

दवाखान्यात एकच डॉक्टर आणि पंचवीस-तीस माणसं. डॉक्टर तरुण होते, पण हुशार होते. सलाईन लावता लावता त्यांनी विचारलं, "भाजी कोणाच्या शेतातली?"

"आमच्या," मी म्हटलं.

"तिच्यावर काही फवारलं होतं? कधी?"

दादा माझ्या मागं उभा होता. मी म्हटलं, "आठ दिवस झाले."

डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग ते पुढच्या माणसाकडे वळले.

पाऊण तास गेला असेल, थोडा जास्तच. तेवढ्यात दुसऱ्या जीपमधून सिस्टरबाई आल्या. त्या आमच्या मळ्याला लागून एका खोलीत राहायच्या. ख्रिस्ती होत्या, मिशनच्या दवाखान्यात आयुष्य घालवून रिटायर झालेल्या. भंडाऱ्याला दरवर्षी यायच्या, या वर्षी उशिरा आल्या म्हणून जेवायच्या राहिल्या होत्या. त्यांनी मावशीची पापणी वर केली आणि मोबाइलचा उजेड पाडला. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती. त्यांनी मला हाताला धरून भिंतीकडे नेलं.

"फवारा कधी मारला?"

"आठ दिवस झाले."

"अन् त्याच्यानंतर?"

मी मावशीकडे पाहिलं.

"बाई, त्याच्यानंतर मारला का नाई?"

"परवा," मी म्हटलं. "परवा मारला. दुसरं औषध."

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. तशाच डॉक्टरांकडे धावल्या. मग सगळं बदललं, दुसरी इंजेक्शनं आली, अकोल्याला फोन गेले, तीन जणांना गाडीत घालून तिकडे हलवलं. बाकीचे त्या इंजेक्शनांनी सावरले. मावशी सावरली नाही. दिवस मावळायच्या आधी ती गेली. तिची मुलगी ऊसतोडीच्या फडावर होती. तिला कुणीतरी फोनवर सांगितलं. फोन कुणी केला हेही मला माहीत नाही, कारण तो मी केला नव्हता.

मी नंतर डॉक्टरांना विचारलं, मी पहिल्यांदाच खरं बोलले असते तर मावशी वाचली असती का? ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी मोडून पडले असते, आणि नाही म्हटलं असतं तर सुटले असते. त्यांनी दोन्ही केलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोलीस वस्तीत आले. दादा ओट्यावर बसला होता. दोन दिवसांत त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. मी दारात उभी होते. तो म्हणाला, "साहेब, मी थ्या मावशीले सांगतलं होतं कोन्त्या वाफ्यातले तोडाचे थे. मातारी मानूस, नजर कमी. थिनं चुकीच्या वाफ्यातले तोडले. भाजी त आमी देवासाठीच देली होती, पुन्याचं काम."

पोलिसांनी लिहून घेतलं. मला कुणी काही विचारलं नाही.

त्या दुपारी मी सिस्टरबाईंकडे गेले. कशासाठी गेले ते मलाच कळत नव्हतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी दादाचं सगळं बोलणं त्यांना सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"यहुदी लोकांच्या जुन्या शास्त्रात एका राजाची गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "देवानं त्याला लढाईवर पाठवलं. हुकूम असा, की शत्रूचं काहीच ठेवायचं नाही. माणूस नाही, मेंढरू नाही, बैल नाही."

"थे त लय क्रूर झालं," मी म्हटलं.

"मलेही क्रूरच वाटते. शिकवताना आमच्या मोठ्या सिस्टर थिथं अडखळायच्या. पन मी तुले हुकमाची गोष्ट नाई सांगत, राजाच्या उत्तराची सांगून राह्यली. त्यानं काय केलं, रोडकी, लंगडी जनावरं मारली, अन् धष्टपुष्ट राखून ठेवली. मग देवाचा निरोप आननारा एक म्हातारा त्याला भेटायले आला, तर राजाच पुढे होऊन सांगते, देवानं सांगतलं तसं सगळं केलं मी. अन् मागून मेंढरं ओरडून राहिलेली."

"मंग?"

"म्हाताऱ्यानं विचारलं, हे काय ऐकू येते? तर म्हने लोकांनी राखली, देवाले वाहाले. मी नाई, लोकांनी. अन् चांगली का राखली, तर देवासाठी. पाह्य, त्यानं लढाई खरीच केली होती. जनावरंही मारली होती. मेंढरं वाहायची म्हनून बोललेही असतील लोक. साराच खोटा नव्हता बोलत तो."

"शेवटी कबूल केलं का त्यानं?"

"केलं ना. चुकलो म्हने, लोकांना भ्यालो. अन् लगेच म्हनते, पन आता चारचौघांत माझा मान राख." सिस्टरबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "राज्य गेलं त्याचं. त्या दिवशी नाई, हळूहळू. आधी डोकं फिरलं, मग पोरं लढाईत मेली, मग तो."

मी विचारलं, "मी काय करू?"

"मी नाई सांगनार," त्या म्हणाल्या. "माह्यावर नको टाकू."

मी घरी आले नाही. तशीच रस्त्यावर आले, जीप धरली आणि रिसोडच्या पोलीस ठाण्यात गेले. बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. आत जाऊन सगळं सांगितलं, देवाच्या ओळी, वाशीमचा भाजीवाला, दोन फवारे, मावशीचा प्रश्न, माझी मान हलवणं, डॉक्टरांना दिलेलं उत्तर, आणि उपासही. लिहिणारा हवालदार उपासाशी थांबला. म्हणाला, "हे लिहायची गरज नाही, ताई." मी म्हटलं, लिहा.

दादाला त्याच दिवशी नेलं. जाताना तो माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "बाई, मी तुले घरात ठेवलं होतं." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. काही आठवड्यांनी त्याला जामीन मिळाला. केस अजून चालू आहे. माझंही नाव तिच्यात आहे, आणि ते असायलाच पाहिजे. वहिनी परत आली, तिनं माझं सामान अंगणात मांडून ठेवलं. मी रिसोडला एक खोली भाड्यानं घेतली आणि हातमशीनवर शिवत राहिले. दादा आता मळा बटईनं, अर्ध्या वाट्यानं देतो, स्वतः वावरात फारसा उतरत नाही म्हणतात. वस्तीचा भंडारा एक वर्ष बंद होता. मग सुरू झाला, पण आता नुसतं वरण आणि रोडगे असतात. भाजी कुणी आणत नाही, आणि का आणत नाही ते कुणी बोलत नाही.

मी खरं बोलले म्हणून लोक मला चांगलं म्हणत असतील असं वाटेल. तसं नाही. निम्मी वस्ती म्हणते भावाला बुडवलं, निम्मी म्हणते मावशीला मारलं. दोघांचंही निम्मं खरं आहे. रविवारी कधी कधी मी सिस्टरबाईंकडे जाते. आम्ही भाज्यांच्या भावाचं बोलतो. ती गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

गेल्या उन्हाळ्यात रिसोडच्या बस स्टँडवर मला मावशीची मुलगी दिसली. ऊसतोडीवरून परतली होती, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, पायात धूळ. मी तिच्याजवळ गेले. काय बोलायचं ते मी कितीतरी महिने मनात घोकलं होतं, त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. तिनंच विचारलं, "मायनं शेवटी काई म्हनलं का?"

मी म्हटलं, "तुहं नाव घेतलं होतं."

ते खरं होतं. मग मी तिला राहिलेलंही सांगितलं, सकाळी तिच्या आईनं मला काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं. तिनं गाठोडं खाली ठेवलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग तिची एसटी लागली आणि ती मागं न पाहता गर्दीतून आत चढली.