घरभर फिरलेला काळा चष्मा

डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं की आपलेही डोळे येतात, हे ज्ञान मी साठी उलटेपर्यंत जपून ठेवलं होतं. त्याच ज्ञानाच्या जोरावर मी लोणावळ्यातल्या आमच्या घरात साथ घरपोच वाटली.

त्या पावसाळ्यात आधी माझे डोळे आले. मी लगेच भुशी धरणाच्या वाटेवरच्या टपरीतून मोठा काळा चष्मा आणला, सोनेरी दांड्यांचा. नजर झाकली की काम झालं! आरशात अशी काही दिसत होते, की माझी मीच लाजले. मला उतार पडला आणि मुलाचे आले. मी उदार मनानं चष्मा पदराला पुसून त्याच्या नाकावर चढवला. मग सुनेचे आले, चष्मा तिच्याकडे. पुन्हा वर ऐट काय, तर ‘चष्मा होता म्हणून एवढ्यावर निभावलं.’

उरली एकटी नात. तिला आंबी गावच्या एका कंपनीत नोकरी लागत होती आणि त्याच आठवड्यात मेडिकल तपासणी होती. डोळा लाल दिसला की परत पाठवत होते, आणि तिची जागा धरायला मागं रांग होतीच.

सून चष्मा माझ्याकडे ठेवून डॉक्टरकडे गेली होती, आली ती दारातूनच मला म्हणाली, “आत्या, चष्मा कुटंय?”

“का? पोरीला देऊ?”

“न्हाई! साबणात बुडवायचाय.”

डॉक्टर म्हणाले होते, हा विषाणू आहे, नजरेतून उडत नाही. डोळ्यातलं पाणी बोटाला लागतं, बोटाचं टॉवेलला, उशीला, कडीला, चष्म्याला. तिथून दुसऱ्याच्या हाताला आणि हातावरून डोळ्यात. डोळा निवळला तरी काही दिवस तो मुक्कामाला असतो. त्याला मारायचं औषध नाही, तो आपल्या मुदतीनं जातो. आपण फक्त पुढं जाऊ द्यायचं नाही.

आणि सुनेनं जाऊ दिलं नाही. पापण्या चिकटलेल्या, डोळ्यांतून धारा, पण नातीचा टॉवेल वेगळा, अंथरूण बाहेरच्या खोलीत. स्वतः मागच्या खोलीत. लेकीची वेणी रोज हिच्याच हातची, ती बंद. दारात उभी राहून “आज तुजी तूच घाल गं” म्हणायची आणि हात पाठीमागं बांधून बघत राहायची. माझं बोट डोळ्याकडे वळलं रे वळलं, की “आत्या!” अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी तिला दिसायचं कसं, देव जाणे. इतकी वर्षं मी तिला मऊ समजत होते. पोलादाला मऊ म्हणणारी मीच शहाणी!

मेडिकलच्या सकाळी नात पाया पडली. आमच्यात अशा वेळी गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडतात. माझे हात सवयीनं पोरीच्या तोंडापर्यंत पोचले, तोच मागून आवाज आला, “लांबून मोडा!” मी हवेतच मोडली. एकही वाजलं नाही.

दुपारी नातीचा फोन आला. पास! सून मागच्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसली. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, “पोरी, त्या विषाणूला तू बरी पुरून उरलीस गं.”

ती ओल्या डोळ्यांनी हसली आणि म्हणाली, “आत्या, त्यो काय, मुदत संपली की जानारच हुता. मला भ्या तुमचं हुतं.”