उकळू न दिलेलं पाणी

"पाण्याला तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही," हे वाक्य सर इतक्या वेळा म्हणत, की चहावाला आला तरी आमच्या लॅबमधलं कुणीतरी त्याला ते ऐकवायचं. म्हणताना त्यांचा उजवा पंजा हवेत खाली दाबलेला असे, झाकण उडू नये म्हणून धरल्यासारखा.

सातपूरच्या एका औषध कंपनीत आम्ही एकाच टेबलावर काम करायचो. त्यांची तीस वर्षं झाली होती, माझे जेमतेम पाच महिने. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी ते मला "मॅडम" म्हणत. मी त्यांना सर. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बढती मागत नाही, रजा घेत नाही, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही.

त्यांनी डोक्यात घेतलं होतं पाणी. गोळीत कोणतं औषध किती आहे हे बघायला आम्ही तिचं द्रावण एका पोलादी नळीतून ढकलतो. तिला कॉलम म्हणतात. वीतभर लांब, आत बारीक भुकटी ठासलेली. प्रत्येक औषध आपापल्या वेळेला बाहेर पडतं आणि पडद्यावर त्याचं शिखर उमटतं. ढकलायला लागतं अ‍ॅसिटोनायट्राइल, विषारी आणि डोकं उठवणारं. दर आठवड्याला वापरून झालेल्याची पिंपं भरायची. सरांचं म्हणणं, साधं पाणी शंभराच्या बरंच वर तापवलं आणि दाबाखाली वाफ होऊ दिली नाही, तर तेही हेच काम करतं.

मी हसले होते. "नुसत्या पाण्याने, सर?"

"घरी कुकर लावता ना मॅडम? मग!" भरात आले की त्यांच्या तोंडी सटाण्याकडची अहिराणी यायची. "पानीज शे ना ते! फक्त त्याला धाक पाहिजे."

भंगारात निघालेल्या एका यंत्राची भट्टी त्यांनी मागून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्याशी झटापट सुरू केली. साधा कॉलम इतक्या गरम पाण्यात टिकत नाही, आतली भुकटीच विरघळते. म्हणून अर्जांवर अर्ज करून त्यांनी उष्णता सोसणारा एक वेगळा कॉलम मिळवला. दिसायला दोन्ही जुळे भाऊ. भट्टीत लेबल टिकेना, तेव्हा त्यांनी त्याला तांब्याची तार गुंडाळली. "हा त्याचा करदोटा," म्हणाले.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांनी साहेबांकडे एकच मागणं केलं: एकदा येऊन बघा. साहेबांनी सोमवार दिला. "टेबलावरून ती विषाची बाटली गेली ना मॅडम, की मी सुखाने घरी जाईन."

त्याआधीच्या शनिवारी ऑडिटची साफसफाई निघाली. लेबलाशिवाय दुसरी कुठलीही खूण ऑडिटला चालत नाही. कॉलमचं कपाट माझ्याकडे होतं. मी ती तार कापली, सगळे कॉलम पुसले आणि मग अंदाजाने लेबलं चिकटवली. प्रत्येकावर कोरलेला नंबर रजिस्टरशी पडताळायचा असतो. मी घाईत होते, नाही पडताळला.

सोमवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. कॉलम हातात घेऊन थबकले. "तार?"

"ऑडिटसाठी काढली, सर. लेबल लावलंय."

"मग ठीक."

पहिलं शिखर वाकडं आलं, दुसरं त्यातच मिसळलं. मग दाब चढत गेला आणि पंप बंद पडला. "चहा टाका त्या पाण्यात," साहेब म्हणाले. सगळे हसले. सरही हसले, ते मला बघवलं नाही.

संध्याकाळी बिघडलेला कॉलम माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "सोसेल वाटलं होतं. माझंच चुकलं." रजिस्टरमधून तो कमी करताना मी नंबर पाहिला. तो साधा कॉलम होता. त्यांचा खरा कॉलम कपाटात शाबूत होता, माझ्या हाताने चुकीचं लेबल लावलेला. सांगितलं असतं तर चूक माझ्या नावावर चढली असती, आणि मला कायम व्हायला महिना उरला होता. मी गप्प बसले. त्यांनी भट्टी परत भंगारात नेऊन ठेवली आणि निवृत्त होईपर्यंत पाण्याचा विषय काढला नाही.

काही वर्षांनी नवं यंत्र आलं, भट्टीसकट. एका सुट्टीच्या दिवशी मी सरांचा कॉलम लावून पाणी सोडलं. दोन शिखरं आली, सरळ, वेगवेगळी. तो कागद घेऊन मी नाशिक रोडला त्यांच्या घरी गेले. रिक्षात कबुलीची वाक्यं पाठ करत होते.

चष्मा लावून त्यांनी कागद कितीतरी वेळ पाहिला. "नुसतं पाणी?"

"नुसतं पाणी, सर."

"तुम्ही केलंत मॅडम!" त्यांचे डोळे भरून आले. "माझं काय चुकत होतं हो?"

"कॉलम..." मी म्हणाले. ते वाट बघत राहिले. "कॉलम तुम्ही मागवलेला तसलाच लावला सर. चांगला होता."

"म्हणजे हात माझाच कमी पडला." आणि आत वळून म्हणाले, "अगं, पेढे आण. आपल्या मॅडमनी करून दाखवलं."

मी पेढा खाल्ला. लाज वाटते सांगायला, पण खाल्ला.

गेल्या थंडीत ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर तो कागद काचेत लावलेला होता. खाली सरांच्या सुबक अक्षरात माझं नाव होतं, आणि फक्त माझंच.