सवाष्णींनी टाकलेला पिवळा

संगणकावरची पानं, म्हणजे वेबसाइट, रंगवणं हा माझा पोटाचा धंदा आहे. नांदेडातले डॉक्टर, मंगल कार्यालयवाले, क्लासवाले येतात, "झकास रंग टाका" म्हणतात आणि मी टाकतो. कुणी फारच कुरकुर केली तर त्याच्यापुढे दोन रंग ठेवतो. त्यातला एक मुद्दाम भयंकर असतो, मग माणूस मुकाट्याने दुसऱ्याला हो म्हणतो. हा डाव माझ्या थोरल्या बहिणीपुढे मात्र चालला नाही. अक्का दोन्ही रंग बघायची आणि म्हणायची, "तुला बरा दिसल त्यो टाक."

अक्का निलंग्याला असते, सासरी. दाजींना जाऊन बरीच वर्षं झाली. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून ती ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. तिच्यासारख्या, म्हणजे नवरा गेलेल्या नाहीतर नवऱ्याने सोडलेल्या बायांचा तिने फोनवर एक ग्रुप केला होता. लातूर-नांदेडकडच्या गावोगावच्या बाया त्यात होत्या. पण ग्रुपवर सगळ्यांना सगळ्यांचा नंबर दिसतो. कुणाचा दीर फोन उघडून वाचायचा, कुणाचा मुलगा आईलाच जाब विचारायचा. मग बाया मनातलं लिहायच्या बंद झाल्या आणि नुसते फुलांचे फोटो पाठवायला लागल्या.

एके दिवशी अक्काने मला विचारलं, "जिथं नंबर दिसू न्हाई, नाव बी दुसरंच लावता यावं, आन बाईला मनातलं बोलता यावं, असं काही करता येतं का रं तुला?"

येतं की. त्याला फोरम म्हणतात. एकीने विषय काढायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याखाली आपापलं म्हणणं मांडायचं. मी हौसेने तो उभा केला. सगळं झालं, रंग तेवढा राहिला, आणि रंगातच घोडं अडलं.

पहिल्यांदा तयार मिळतो तसा निळा होता. अक्काने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला तर एकीने विचारलं, हे कोणत्या पक्षाचं हाय? भगवा केला तर दुसरी म्हणाली, निवडणूक लागली का काय? हिरव्याला तर दोन्हीकडून बोलणी बसली. कुणाला तो झेंड्याचा वाटला, कुणाला चुड्याचा. आपल्याकडे बिनमालकाचा रंग म्हणून सापडत नाही, हे एवढी वर्षं रंगांवर जगूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पांढरा दाखवला तेव्हा नायगावच्या एका बाईंनी फोनवर आवाज भरून निरोप पाठवला, "पांढरं कपाळ हाय तेवढं बस झालं की बाबा." त्याखाली ग्रुपभर हसरे चेहरे उमटले. मला काही हसू आलं नाही.

शेवटी वैतागून राखाडी टाकला. त्यावर कुणीच काही बोललं नाही. अक्का म्हणाली, "चालतंय. तुला बरा दिसतो ना?"

माझं डोकंच सणकलं. कारण माझी अक्का अशी नव्हती. तिच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही सगळे लातूरला गंजगोलाईच्या बाजारात गेलो होतो. तिला पिवळा शालू हवा होता, आणि पिवळा म्हणजे कुठलाही पिवळा नव्हे, ताज्या कुटलेल्या हळदीचा. दुकानदार उलगडत गेला आणि ती मान हलवत गेली. गादीवर साड्यांचा ढीग झाला. वडील दोनदा चहा पिऊन आले. आई तिला चिमटे काढत होती. अखेर दुकानदार हात जोडून म्हणाला, "ताई, आता कारखान्यातच जावं लागंल!" तरी ती उठली नाही. तिने हवा तो पिवळा मिळवला आणि मगच पाणी प्यायली.

दाजी गेल्यावर तिला कुणी अमका रंग नेसू नको असं तोंडाने म्हटलं नाही. फक्त लग्नाकार्यात तिला जी साडी यायची ती मातकट यायची, नाहीतर राखेच्या रंगाची. तिला समजायचं ते ती समजली. दिवसभर मशीनवर लोकांच्या मोरपंखी, डाळिंबी, राणी कलरच्या कापडाला दोरा जुळवत बसायची आणि स्वतःपुरतं "कुठला बी चालतंय" म्हणायची. आता फोरमचं काय व्हायचं ते होवो, मला तिच्या तोंडून एकदा तरी "हा नको, तो दे" ऐकायचं होतं. मी हट्टालाच पेटलो.

भोगीच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन निलंग्याला निघालो. निघताना बायकोने पिशवीत एक कोरी साडी घातली. पिवळी. "वन्संना म्हणावं, हिच्या ब्लाउजची घाई नाही. यंदा संक्रांत पिवळ्यावर आली आहे."

आमच्याकडे हे फार पाळतात. संक्रांत दरवर्षी कुठल्यातरी रंगाचं वस्त्र नेसून येते, ते पंचांगात असतं, आणि तिने नेसलेला रंग त्या वर्षी सवाष्णी अंगाला लावत नाहीत. माझी बायको बँकेत आहे, गिऱ्हाइकाला दटावते, साहेबाला ऐकवते, पण संक्रांतीच्या वाटेला जात नाही.

लातूरला बस बदलून दुपारी पोचलो तर अक्काच्या खोलीत ही गर्दी. शेजारच्या बाया शिवलेले ब्लाउज न्यायला आल्या होत्या. उद्या कुणाकडे कधी हळदीकुंकू, कुणाचं वाण काय, याच्याच गोष्टी. अक्का खाली मान घालून हुक लावत होती. प्रत्येकीला "मापात बसतंय का बघ गं" विचारत होती. तिला मात्र कुणी "या" म्हणत नव्हतं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. तसं म्हणायची रीतच नाही, आणि मला त्या रीतीचा संताप आला.

बाया गेल्या. फळीवर पिवळ्या ब्लाउजांची एक चळत तशीच राहिली.

"हे कुणाचे?" मी विचारलं.

"गिऱ्हायकाचेच. शिवून पडलेत. यंदा पिवळं कुणी नेसंना, न्यायला बी कुणी येईना."

मी पिशवीतून साडी काढली. "ही घे अजून एक. तुझ्या भावजयीनंही टाकला पिवळा."

ती हसली. साडीची घडी मांडीवर घेऊन तिच्यावरून हात फिरवत बसली. मी लॅपटॉप उघडला आणि कुठला रंग टाकू, हे नेहमीचं विचारलं. नेहमीचं उत्तर आलं नाही.

"म्हंजी यंदा ह्यो रंग कुणाचाच न्हाई," ती म्हणाली.

"संक्रांतीचा आहे की."

"संक्रांत सवाष्णीवर येती रं. आमच्यावर तर येऊन गेली." हे ती अगदी साध्या आवाजात बोलली. "त्यायनी टाकला, मंग आम्ही उचलला तर कोण काय म्हणतंय? काढ तुझं ते. पिवळा दाव."

मी दाखवला.

"हे काय, ह्याला कावीळ झाली का?"

दुसरा दाखवला. "हे शाळंच्या बसचं हाय." तिसरा लिंबाचा निघाला, चौथा लई भडक, पाचवा उन्हात वाळत घातल्यावानी. ती खुर्ची ओढून माझ्याजवळ सरकली आणि पडद्यावर बोट टेकवून हुकूम सोडायला लागली. "जरा दाट कर. एवढा नव्हं. माघारी घे. थांब, थांब म्हणलं ना!" एखाद्या डॉक्टरने मला असं छळलं असतं तर मी त्याचं काम सोडून दिलं असतं. इथे मान आखडून आली तरी मला उठावंसं वाटेना. शेवटी मी हात जोडले, "ताई, आता कारखान्यातच जावं लागंल!"

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. पुसून झाले तरी ती पुसतच होती.

हळद सापडली. मग तिने खालच्या बटनावर बोट ठेवलं. "हे कशाचं?"

"हे दाबलं की आत जाता येतं."

"लाल कर." आणि जरा थांबून, "शेंदरी नगं. कुंकवाचं."

मी केलं. पिवळ्या पानावर तेवढंच लाल. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही. तीच आधी भानावर आली. बटनावर मी "प्रवेश करा" लिहिलं होतं, ते वाचून तिने नाक मुरडलं. "असं कोण बोलतं का घरात? या म्हण की नुसतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतल्या बाया नटूनथटून घरोघर निघाल्या, तेव्हा अक्काने ग्रुपवर फोरमचा पत्ता पाठवला आणि खाली लिहिलं, "आपल्यात बी हळदीकुंकू हाय. या." फोरमवर पहिलं उत्तर बहुतेक नायगावच्या त्या बाईंचं असावं. नाव दुसरंच लावलं होतं, पण बोलणं तेच होतं. "आले गं माय. लई वर्सांनी कुणी बोलावलं."

पुढच्या वर्षी संक्रांतीने दुसरा रंग धरला. पिवळा सवाष्णींना मोकळा झाला आणि माझ्या बायकोने अक्काकडून ब्लाउज शिवून आलेली ती साडी कपाटातून बाहेर काढली. मी अक्काला फोन लावला. आता सवाष्णींनी नव्याने टाकलेला रंग घ्यायचा का, पिवळा काढू का, असं विचारलं.

"आता मागायला आल्या व्हय?" अक्का म्हणाली. "देत न्हाई म्हणावं."